कोपराची जागा

"हे बघा. हलतोय का?"

सुकुमार मगदूमनं उजवा हात पुढं धरला होता. हाताच्या पाठीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला. थेंबसुद्धा सांडत नव्हता.

गुलाबचाचा शिकलगार खुर्चीत बसून चहा फुंकत होते. त्यांनी नुसती मान वर केली.

"बोला की चाचा. हात स्थिर आहे का नाही?"

"न्हाई."

"न्हाई? अहो, पाणी तरी हलतंय का?"

"पाणी हलंना झालंय, ते दिसतंय. हात स्थिर न्हाई तुझा. त्या गाडीला लावू नको."

सुकुमारनं पेला आपटून ठेवला. का नाही चिडणार? मोठ्या शोरूममधली नोकरी सोडून तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चाचांच्या गॅरेजात आला होता. त्याच्या हातचा रंग बघायला तिकडं लोक यायचे. आणि इथं तीन वर्षं झाली, तरी जुन्या गाडीचा मूळ रंग म्हणजे कारखान्यातून आलेला पहिला रंग, चाचा त्याला शिवू देत नव्हते. नवा रंग मारायला गावात शंभरजण आहेत, जुना राखायला चाचा एकटेच. आणि ते एकटेच राखत बसले होते, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी!

"ती गाडी" म्हणजे आवटेबाईंची हिरवी मॉरिस. साठावर वर्षं झाली, पण तिच्यावर रंगाचा दुसरा हात कधी चढलेला नव्हता. ड्रायव्हरच्या दारावर, काचेच्या कडेला, तळहाताएवढी एक जागा फिकी पडली होती. बाईंचे वडील अण्णा तीस वर्षं तिथं कोपर टेकवून गाडी चालवायचे. रंग तिथं कांद्याच्या पापुद्र्याइतका उरला होता.

गाडी सोडताना बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "बाकीचं तुम्ही ठरवा. ही जागा तेवढी आहे तशी राहू दे. अण्णांचा फोटो बघून मला काही होत नाही हो. इथं हात ठेवला की होतं."

चाचा ती गाडी उघड्या तळव्यानं घासायचे. पॉलिश बोटाला लावायचं आणि तळवा फिरवत राहायचा, तासन्‌तास. मशीन का नाही, असं सुकुमारनं एकदा विचारलं होतं.

"मशीनला चटका बसत न्हाई," चाचा म्हणाले होते. "तळव्याला बसतो, म्हणून तो थांबतो."

त्या दिवशी शुक्रवार होता. चहा संपवून चाचांनी टोपी घातली आणि ते नमाजाला गेले.

सुकुमारनं मशीन काढलं.

दाराचा खालचा भाग तेवढा करायचा, असं त्यानं ठरवलं होतं. कापडावर हिरवा रंग उतरला. जुना रंग थोडा उतरतोच, हे त्याला ठाऊक होतं. खाली दार असं चमकलं की त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. वा रे पठ्ठ्या! म्हातारा आल्यावर बघतच राहील. आणखी थोडं वर. त्या जागेच्या अलीकडे थांबायचं.

तो थांबलासुद्धा. पण मशीनचं फिरतं चाक कडेला जास्त चावतं, आणि ती कड त्या जागेत शिरली होती.

मशीन बाजूला केलं तर फिक्या हिरव्याच्या जागी रंगाखालचा लालसर प्रायमर उघडा पडला होता.

सुकुमार खाली वाकला. त्यानं बोटानं पुसून पाहिलं. पुसून काय होणार! अण्णांच्या कोपराची निम्मी जागा गेली होती, आणि जगात कुठंच ती परत मिळणार नव्हती.

मग भीतीनं त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. डबे काढले, हिरवा, काळा आणि किंचित पिवळा मिसळला, आणि लालसर डाग झाकला. उरलेली निम्मी जागा वेगळी दिसायला लागली, म्हणून त्यावरूनही ब्रश फिरवला. हात कुठंही चुकला नाही. रंग असा जुळला की त्यालाही सांधा सापडेना.

मग त्यानं ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला आणि डबे जागच्या जागी ठेवले.

चाचा आले. येताच सवयीनं बोटांच्या पाठीनं गाडी चाचपू लागले. बॉनेट. पुढचं मडगार्ड. मग दार...

सुकुमार भिंतीला टेकून त्या बोटांकडे बघत होता.

बोटं त्या जागेच्या वीतभर अलीकडे थांबली.

"टर्पेंटाइनचा वास येतोय."

"ब्रश... ब्रश धुतला मी."

"हं."

चाचा खुर्चीत जाऊन बसले. पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"बाई येतील चारपर्यंत," थोड्या वेळानं ते म्हणाले.

अडीच वाजले होते. चारपर्यंत रंग धरणार. एकदा धरला की कुणाच्या बापाला कळायचं नाही, सुकुमारनं मनाशी म्हटलं. आणि तिथंच तो अडखळला. कुणाला कळणार नाही! बाई येतील, तिथं हात ठेवतील, डोळे मिटतील. आणि त्यांच्या हाताखाली अण्णा नसतील, सुकुमार मगदूम असेल. खाली उरलेले निम्मे अण्णाही या रंगाखाली कायमचे गाडले जातील. हे माहीत असणारा तो एकटाच. जन्मभर.

"चाचा..."

"हं?"

"चाचा, मी घात केला."

त्यानं सगळं सांगितलं. मशीन, प्रायमर, डबे.

चाचा रागावले नाहीत. शिव्याही दिल्या नाहीत.

"खाली किती राहिलंय?"

"निम्मं. जरा कमीच."

"सुकलाय?"

"चिकट आहे अजून."

बाहेर रिक्षा थांबली. आवटेबाई आज लवकरच आल्या होत्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर हसू. सुकुमारला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण त्यानं त्यांनाही सांगितलं, मान खाली घालून, एक शब्द न वगळता.

बाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली.

त्यांनी दाराकडे पाहिलं. हात उचलला, आणि त्या जागेपर्यंत न नेताच मागं घेतला.

"जे राहिलंय," त्या कशाबशा म्हणाल्या, "तेवढं तरी वाचवा हो."

सुकुमारनं काडीला कापूस गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि ती चाचांपुढं धरली.

"मला काय देतोस? मला त्यातलं काय दिसतंय? नवा तेवढा उचलायचा, खालचा तसाच राहू द्यायचा. तूच कर."

"मी?"

"दुसरं कोण हाय हितं?"

"न्हाई चाचा. एवढं सोडून काहीही सांगा. जरा जास्त दाब पडला तर तेही जाईल! मला भ्या वाटतंय..."

चाचांनी हातानंच दाराकडं खूण केली.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सरकून त्याला जागा करून दिली.

रंग सुकत होता.

सुकुमार दारापाशी गुडघ्यावर बसला. काडी वर नेली. ती इतकी लटपटत होती की टर्पेंटाइनचा थेंब त्याच्याच मनगटावर पडला. त्यानं हात मागं घेतला आणि रडकुंडीला येऊन चाचांपुढं धरला.

"बघा की. तुम्हीच बघा, कसा थरथरतोय..."

चाचा उठले. जवळ आले. त्याचं मनगट त्यांनी नाडी बघावी तसं दोन बोटांत धरलं, आणि बराच वेळ धरून ठेवलं...

मग सोडलं.

"आता स्थिर हाय. लाव."