उशीत शिवलेलं स्वप्न

एका राज्यात एक राजा होता, आणि त्या राजाला झोपेचं भय होतं. रणधवल त्याचं नाव. रणांगणातून तो कधी मागे सरला नाही, पण अंथरुणाकडे जाताना त्याचे पाय जड होत. जादूगार अनिमिषाने त्याला सोनेरी जरीची एक उशी नजर केली होती. तिच्यावर डोकं टेकलं की खरं स्वप्न पडे, आणि जाग आली की ते पार पुसून जाई. राजा किंचाळत उठे; का किंचाळलो, ते त्यालाच आठवत नसे. उशी फेकली, तर ती परत आली. जाळली, तर राखेतून आणखी मऊ होऊन आली.

त्या राज्यात स्वप्नांचे अर्थ सांगणारी एक सभा होती. सात आचार्य, सातही पांढऱ्या दाढ्यांचे, आणि नियम एकच: थोरल्याने आधी बोलायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. राजाने त्यांना म्हटलं, "माझं स्वप्नही तुम्हीच सांगा आणि अर्थही तुम्हीच. जमलं नाही तर सभा बंद."

'ठाऊक नाही' हे शब्द त्या सभेत कधी कुणी उच्चारले नव्हते. थोरले आचार्य विद्याधर यांनी दाढीवरून हात फिरवला आणि बसल्या जागी स्वप्न रचलं. "महाराज, आपण तेलाचा घाणा पाहिलात. त्यातून तेलाऐवजी रक्त गळत होतं. आपला वैरी तेल्यांच्या वस्तीत आहे."

सहा माना डोलल्या.

नगराबाहेर तेल्यांची एक वस्ती होती. ते शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत. तुरुंगात बसून परक्या राजांची स्वप्नं उलगडणाऱ्या पूर्वजांच्या गोष्टी ते मुलांना सांगत. त्या वस्तीतला हसाजी महालातल्या दिव्यांना तेल पुरवी. मागेच तो विद्याधरांना म्हणाला होता, "आचार्य, दिवे उजळले. आता डोक्यात उजेड हवा असेल तर तेवढं सांगा." ते थोरल्यांना झोंबलं होतं. त्यांनी हसाजीचंच नाव घेतलं, आणि त्याला धरून आणलं. शुक्रवारी सूर्य मावळताना त्याचं शिर उतरवायचं ठरलं.

हसाजीची धाकटी बहीण मिल्का त्याच सभेची शिष्या. लहानपणापासून तिथे शिकली, पण तिला बोलायची मनाई. ती उठून उभी राहिली.

"मिल्के, खाली बस," विद्याधर म्हणाले. "वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं तुझं वय नाही."

"खोटं स्वप्न रचायचं तुमचं तरी आहे का, आचार्य?" मग ती राजाकडे वळली. "महाराज, आमच्या वस्तीत एक रीत आहे. जिथे कुणाच्या जिवाचा निवाडा असतो, तिथे सगळ्यांत धाकट्याने आधी बोलायचं. थोरले एकदा बोलले की धाकट्यांची जीभ उचलत नाही. इथे उलटं झालं. हे स्वप्न आपलं नाही. आपलं मी आणते."

"शुक्रवारच्या सूर्यास्तापर्यंत," राजा म्हणाला. "नाही आणलंस तर भावामागून तुझी पाळी."

"मान्य."

तुरुंगाच्या गजांआडून हसाजी म्हणाला, "लवकर ये गं बाई. सूर्य मावळला की आपला शनिवार लागतो. शनिवारी मी कसलंच काम करत नाही, मरायचंसुद्धा."

"गप्प बस, दादा. याच जिभेने इथे आणलंय तुला," मिल्का म्हणाली आणि निघाली.

वाटेत चिंचेच्या ढोलीत एक पिंगळा बसला होता. मिल्काने त्याला विचारलं, "विसरलेलं स्वप्न कुठे जातं?"

"जागं होताना उशीत गळतं," पिंगळा म्हणाला. "त्या उशीचं तोंड अनिमिषाने शिवलंय, आणि दोऱ्याचं टोक त्याच्यापाशी आहे. नदीच्या काठाने खाली जा. तिघे तुला आपली स्वप्नं सांगतील. अर्थ चुकलीस तर तिथेच दगड होशील."

"आणि बरोबर सांगितला तर?"

"तर पुढे जाशील. आणखी काय हवंय?"

पहिली आडवी आली ती नदीच. "मी स्वप्नात उलटी वाहते, चढावर धावते. याचा अर्थ काय?"

मिल्काने पाण्यात हात घातला. पाणी गार होतं. "तू डोंगरावरून आलीस. तुला घराची आठवण येते."

"सगळे म्हणाले, पूर येणार. घराचं कुणी बोललं नाही," नदी म्हणाली आणि दुभंगली.

पुढे अनिमिषाच्या दारात दगडी सिंह होता. "स्वप्नात माझ्या तोंडात गवत भरलेलं असतं. अर्थ?"

"ज्या दगडातून तुला घडवलं त्यावर कधीकाळी गवत उगवत होतं. सिंह तू नंतर झालास."

सिंहाने जबडा मिटला, बाजूला सरला आणि चरू लागला.

आत अनिमिष बसला होता. त्याच्या पापण्या सोनेरी दोऱ्याने भुवयांना शिवलेल्या होत्या. "माझी मुलगी आजारी होती," तो म्हणाला. "मी स्वप्न पाहिलं. तिच्या हातातला दिवा विझला, आणि ती हसत होती. तुमच्या विद्याधराने सांगितलं, आयुष्य उजळेल. मी वैद्याला बोलावलं नाही. ती गेली. म्हणून ही सभा पोसणाऱ्या राजाची स्वप्नं शिवली आणि त्याच दोऱ्याने माझे डोळे. आता तू सांग. ती का हसत होती?"

मिल्काच्या जिभेवर उत्तर तयार होतं. गोड होतं, आणि पटण्यासारखं होतं. भावाचा जीव त्यावर टांगलेला होता. तिने विद्याधरांचा दाढीवरून फिरणारा हात आठवला, आणि उत्तर गिळलं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"हेच तेव्हा विद्याधर म्हणाला असता, तर मी वैद्याला बोलावलं असतं," अनिमिष म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या पाण्याने दोरा विरघळला, आणि पापण्या मिटल्या. जादूगार बसल्या जागी झोपी गेला.

बाहेर शुक्रवारचा सूर्य कलला होता. नदी म्हणाली, "ये. आज मला घरी जायचंच आहे." तिने मिल्काला पाठीवर घेतलं आणि उलटी फिरून नगराकडे चढत गेली.

वधस्तंभापाशी तलवार उपसलेली होती. तेवढ्यात अनिमिषापासून विरघळत आलेला दोरा महालापर्यंत पोचला आणि उशीची शिवण उसवली. सावरीच्या उडत्या कापसासारखं काहीतरी तरंगत आलं आणि राजाच्या कानात शिरलं.

"थांबा!" राजा ओरडला. "आठवलं. मोठं तळं, काठोकाठ भरलेलं. बांधावर सात म्हातारे झोपलेत, त्यांच्या दाढ्या दगडांत रुजल्यात, आणि खालून पाणी झिरपतंय."

"शुभ स्वप्न, महाराज!" विद्याधर पुढे झाले. "हे सात म्हणजे राज्याचे सात आधारस्तंभ..."

सहा माना डोलू लागल्या. त्याच वेळी ओलीचिंब मिल्का गर्दीतून पुढे आली. राजाने हात वर केला.

"इथे जिवाचा निवाडा आहे. धाकटी आधी बोलेल."

"म्हातारे कोण, ते आपल्यासमोर उभे आहेत," मिल्का म्हणाली. "पण तो अर्थ नंतर. आधी नगराच्या तळ्यावर माणसं धाडा. पाणी आत्ता झिरपतंय."

माणसं धावली. बांधाच्या पायथ्याशी माती खरोखरच ओली लागली. नगर निजण्याआधी भगदाड बुजलं. खालची शेतं वाचली, वस्ती वाचली.

हसाजीच्या बेड्या त्याआधीच, सूर्य टेकला असतानाच सुटल्या होत्या. "चल लवकर," तो म्हणाला, "शनिवारचा दिवा लावायचा राहील."

सात आचार्यांना राजाने सभेच्या शेवटच्या रांगेत बसवलं आणि दोन शब्द शिकायला सांगितले. सहा जण लवकर शिकले. विद्याधरांना पुढचा पावसाळा लागला. एका म्हातारीने स्वप्न सांगितलं, तेव्हा त्यांनी दाढीकडे नेलेला हात खाली आणला आणि म्हणाले, "ठाऊक नाही." मिल्काने त्यांना पाणी दिलं.

राजा आता साध्या उशीवर झोपतो आणि सकाळी हसत उठतो. त्या राज्यात आता धाकटे आधी बोलतात. तुमच्याही घरी बोलोत, आणि थोरल्यांना ते ऐकू येवो.