राणीला नाव आठवेना

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसं निमूट ऐकत, तिथला राजा म्हातारपणाला भ्याला. रणात कधी पाठ न दाखवलेला गडी तो! पण एके सकाळी आरशात स्वतःचं टक्कल दिसलं आणि ढसाढसा रडला. तोच मोका साधून जादूगार जरांतक सोन्याचा डबा घेऊन दरबारी आला. डब्यात लेप होता. लावला की सुरकुती जाई. राजाने लावला, प्रधानाने लावला, सेनापतीने तर मानेलाही चोपडला. आधी सगळे गुळगुळीत झाले, मग दगड झाले. बरोबरच आहे, दगडाला कुठली आली सुरकुती? जरांतकाने ते पुतळे आपल्या गडावर नेऊन उभे केले आणि राज्य वाऱ्यावर पडलं.

एकट्या राणी रूपमंजिरीने लेप लावला नव्हता. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, उठता-बसता गुडघे वाजत. "या तोंडाला लेप म्हणजे पडक्या भिंतीला रंग," असं म्हणून ती डब्याकडे बघून हसली होती. पण राजा गेला आणि तिचं हसू आटलं. जेवायला बसली की समोरचा रिकामा पाट दिसे, आणि ती ताट सारून उठे. शेवटी तिने काठी उचलली. "माझा माणूस मी आणणार," म्हणाली, आणि निघाली.

गडाच्या पायथ्याशी एक गिधाड बसलं होतं. अदबीने मान लववून ते म्हणालं, "राणीसाहेब, सावकाश चढा. मला घाई नाही."

"बस की," राणी म्हणाली. "उपाशी मरशील."

गिधाड खोटं बोलणारं नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं. कामं तीन, आणि तिन्ही सूर्य मावळायच्या आत. पहिलं काम म्हणजे हा चढ. चढणारा कण्हला की पुढे एक पायरी वाढते. आणि एक जरी काम चुकलं, तरी जरांतक राणीलाही लेप लावून राजाशेजारी उभी करील.

आता आली का पंचाईत! म्हातारं माणूस 'आई गं' म्हटल्याशिवाय पायरी चढेल कसं? राणीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, गुडघ्यातून कळ मस्तकात गेली, ओठांवर 'आई' आलंच. तिने ते तिथेच गिळलं आणि ओरडली, "मेल्या जरांतका!" पायरी वाढली नाही. शिवी म्हणजे काही कण्हणं नव्हे! मग काय विचारता? कळ आली की शिवी. "मुडद्या! भामट्या! तुझ्या तोंडात माती!" अशी ती त्याचा उद्धार करत दरवाजाशी पोचली. मागून उडत आलेलं गिधाड जरा हिरमुसलं.

दरवाजात जरांतक उभा होता. वय कित्येक पिढ्यांचं, चेहरा मात्र विशीतला. पुतळ्यांचं उरलेलं आयुष्य चोरून जगत होता हलकट! त्याच्या पायाशी दातांचा ढीग पडला होता. आधी आलेल्या राजपुत्रांचे दात ते.

"म्हातारे, दुसरं काम," तो म्हणाला आणि त्याने लोखंडाचे चणे पुढे केले. "एवढे खाऊन दाखव."

त्या चण्यांवर एकच मंत्र होता. दात लागला की त्यांचं लोखंड व्हायचं. राणीने मूठभर चणे तोंडात टाकले आणि पोहे घोळवावेत तसे हिरड्यांवर घोळवत बसली. दात लागेलच कुठून? चण्यांना कुणी चावेना, तसे ते मऊ पडले. तिने गिळले, बोटं चाटली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

जरांतकाचा चेहरा काळवंडला. "तिसरं काम. नवरा ओळख, आणि नाव घेऊन हाक मार."

पुतळे सगळे एकसारखे गुळगुळीत. पण त्यांत एकच पुतळा पोट आत ओढून उभा होता. राणी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

नाव आठवेना.

आठवणार तरी कसं? नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची रीतच नव्हती. एकदा लग्नात घेतलं तेवढंच. पुढे हळदीकुंकवाला बायका अडवायच्या, तेव्हा 'गादीचे धनी' म्हणून ती सुटायची. बाकी उभा जन्म नुसतं 'अहो'. पश्चिमेला सूर्य टेकला होता. जरांतक लेप बोटावर घेऊन पुढे सरकला. एवढं सगळं करून, नुसत्या विसरभोळेपणापायी आपला माणूस जाणार?

आणि तिला हसू फुटलं. आवरेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. "अहो, एवढं रडलात हो टकलासाठी! तुमचं डोकं वरून मोकळं झालं, माझं आतून!"

दगडाच्या कपाळावर आठी उमटली. मग दगडाचे ओठ फाटले. "प्रतापमार्तंड!" राजा गरजला. "उभा जन्म संसार केलास, आणि माझं नाव विसरलीस?"

"हे चालायचं नाही!" जरांतक किंचाळला. "नाव तिने घ्यायला हवं!"

राणीने पदर सावरला आणि नव्या नवरीसारखी खाली मान घालून, ठणठणीत आवाजात म्हणाली,

"लोखंडाचे चणे खाल्ले, दात नव्हते तेच बरं,
प्रतापमार्तंडांचं नाव घेते, टक्कल आहे हे खरं!"

दगड तडकले. प्रधान शिंकला, सेनापती मान चोळत पुढे आला, सुरकुत्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. जरांतकाला त्याच्या खऱ्या वयाने गाठलं. तो वाकला, लटपटला आणि जीव घेऊन पळत सुटला. पहिल्याच पायरीवर गुडघा वाजला, "आई गं!" पुढे एक पायरी वाढली. दुसऱ्या पायरीवर पुन्हा "आई गं!"

राजाने टकलावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते त्याचे. "मी भ्यालो गं," तो म्हणाला.

"मीही भ्याले," राणी म्हणाली. "चला आता. कण्हायचं नाही, शिव्या द्यायच्या."

मग दोघं हातात हात घालून, जरांतकाला शिव्या मोजत गड उतरली. अर्ध्या वाटेत तो भेटला, त्याला ओलांडून पुढे गेली. पायथ्याशी गिधाडाने विचारलं, "राणीसाहेब, मग मी जाऊ?"

"जा बाबा. सणाला जेवायला ये."

राज्याची घडी पुन्हा बसली. गादीवर टकला राजा, शेजारी बोळकी राणी, आणि दरबारात हसण्याला मनाई नाही. राणी नाव पुन्हा विसरली, तेव्हा राजाने तिला ते हसत सांगितलं. आणि जरांतक? तो अजून उतरतोच आहे.