अगस्ती उगवेपर्यंत

फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही. तेव्हा दर्यावर कधी जायचं आणि कधी नाही, हे लोक आकाशाला विचारत.

त्या काळी समुद्रकाठच्या एका छोट्या राज्यात सगुणा नावाची बाई राहत होती. ती तीन कामं करायची. पहाटे टेकडीवरच्या वेधशाळेत ताऱ्यांचे वेध घ्यायची. सकाळी खाली उतरून कोळीवाड्यातल्या मुलांना शिकवायची, चंद्र का झिजतो, भरती का येते. आणि जे मुलांच्या डोक्यात शिरत नसे, त्याचं संध्याकाळी गाणं करायची.

पावसाळ्यात तिथला समुद्र खवळायचा. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असत. पाऊस सरता सरता एका पहाटे दक्षिणेला, पाण्याच्या अगदी वर, अगस्तीचा तारा दिसायचा. तो दिसला की वादळांचे दिवस संपले असं समजायचं. हे मुलांच्या लक्षात राहावं म्हणून सगुणाबाईंनी दोन ओळी रचल्या होत्या:

अगस्ती ऋषी दक्षिणेला,
मगच होडी दर्याला.

मुलं खेळताना ते गाणं म्हणत. बायका जाळी विणताना म्हणत.

पण तीन कामं करणाऱ्या माणसाला तीन ठिकाणांहून बोलणी बसतात. दरबारातले ज्योतिषी म्हणत, "गाणी रचणारीच्या गणितावर कोण विश्वास ठेवणार?" दरबारचा गवई म्हणे, "बाईंच्या गाण्यात सूर कमी आणि हिशेब जास्त." काही आईबाप कुरकुरत, "शाळेत गाणीच चालतात, शिकणार केव्हा?"

सगुणाबाई वरवर हसून घ्यायच्या. मनात मात्र रोज खुट्ट व्हायचं. आपण कुठल्याच कामात पुऱ्या नाही की काय, ही धास्ती त्यांना पहिल्यापासूनच होती. लोकांनी ती फक्त बोलून दाखवली.

शेवटी प्रधानांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, एक काम धरा. मन लावून करा. बाकीची ज्याची त्याला द्या."

सगुणाबाईंनी वेधशाळा धरली. शाळा एका पंतोजींकडे गेली आणि गाणी गवयाकडे. पंतोजी शिस्तीचे होते. गवयाचा गळा तर असा, की रस्त्याने जाणारा माणूस थांबावा. सगुणाबाईंचे वेधही पूर्वीपेक्षा बारीक झाले. तिघंही आपापल्या जागी चोख होते. सगळं सुरळीत चाललं होतं, तरी टेकडीवर बसलेल्या सगुणाबाईंना उगीचच वाटायचं की आपण काहीतरी उघडं टाकून आलोय. काय, ते त्यांना सांगता येत नसे.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका पहाटे ढग जरा बाजूला झाले आणि पूर्वेला व्याध चमकला. सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी असा तो तारा. सगुणाबाईंनी त्याचा वेध घेतला. अगस्तीला अजून पंधरवडा तरी अवकाश होता.

उजाडल्यावर त्यांनी सहज खाली पाहिलं. किनाऱ्यावर माणसांची गर्दी होती. होड्यांवर झाकलेली झावळ्यांची झापं काढलेली होती. एक होडी तर ओंडक्यांवरून पाण्याकडे सरकत होती.

त्या तशाच टेकडी उतरून धावत सुटल्या.

किनाऱ्यावर होडीवाल्यांचा म्होरक्या, हिराजी तांडेल, दोर आवळत होता. त्याच्या शब्दाबाहेर कोळीवाड्यातली होडी सहसा जात नसे.

"हिराजीदादा, हे काय चाललंय?"

"उद्या निघायचं, बाई. व्याध दिसला ना आज. गेली दोन वर्षं ढगांनी दिसू दिला नव्हता. यंदा बघा, वेळेवर आला."

"व्याध नाही, दादा. अगस्ती."

हिराजी गोंधळला. "गाणं तुमचंच ना?" असं म्हणून त्याने ते म्हणून दाखवलं:

व्याध पहाटे हसला गं,
दर्या शांत बसला गं.

चाल तीच होती. गाणं त्यांच्या गाण्यापेक्षा गोड होतं, आणि खोटं होतं.

त्या तडक प्रधानांकडे गेल्या. प्रधानांनी गवयाला आणि पंतोजींना बोलावणं पाठवलं.

गवई म्हणाला, "अगस्ती हा शब्द तालात अडखळत होता. व्याध कसा सरळ बसतो. आणि तो जास्त तेजस्वी आहे, असं मी ऐकलंय. एका ताऱ्याच्या जागी दुसरा तारा आला, एवढंच."

पंतोजी म्हणाले, "मला जे दिलं ते मी शिकवलं. आकाश पाहणं माझ्याकडे नव्हतं."

दोघंही खोटं बोलत नव्हते. म्हणून तर सगुणाबाईंना जास्तच भीती वाटली. रागावणार कोणावर?

प्रधानांनी दुपारी दवंडी पिटवली: होड्या लोटू नयेत, अजून वेळ आहे. लोकांनी हातातलं काम थांबवून ऐकलं आणि पुन्हा कामाला लागले. त्यांच्या घरातली सुकी मासळी संपत आली होती. पेजेवर दिवस चालले होते.

"दादा, दवंडी ऐकलीत ना?" किनाऱ्यावर परत येऊन सगुणाबाईंनी हिराजीला विचारलं.

"ऐकली. पण बाई, दवंडी राजाची, गाणं आमचं. पोरं उठल्यापासून तेच गातायत. बायकांनी जाळी काढून दिली. आता मी कोणाकोणाला थांबवू?"

"शिपाई उभे करा," त्यांनी प्रधानांना जाऊन विनवलं.

"एवढा किनारा अडवायला शिपाई कुठून आणू?" प्रधान म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

संध्याकाळ व्हायला आली. सगुणाबाई वाळूवर बसल्या. गणित मांडून दाखवायला वेळ नव्हता, आणि मांडलं तरी ऐकणार कोण? त्यांचं गणित बरोबर होतं. ते आज कोणाच्या कामाचं नव्हतं.

समोर मुलं खेळत होती आणि तेच गाणं म्हणत होती. सगुणाबाईंनी त्यांना जवळ बोलावलं. गाणं चुकलं आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. "त्या गाण्याचं पुढचं कडवं येतं का रे तुम्हाला?" एवढंच विचारलं.

"पुढचं आहे?" मुलं गोळा झाली.

सगुणाबाईंनी वाळूत दोन खडे ठेवले, पूर्वेला व्याधाचा, दक्षिणेला म्हाताऱ्या अगस्ती ऋषीचा. कोण आधी येतो, कोण मागून, ते दाखवलं. आणि दाखवता दाखवताच, जमेल तशा ओळी जुळवत म्हटलं:

व्याध आला, येऊ दे,
एकटा आहे, राहू दे.
दक्षिणेचा म्हातारा
मागून येतो, येऊ दे.
तो आला की दर्या निजतो,
तोवर होडी राहू दे.

मुलांनी एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा सोबत म्हटलं, मग बाईंची गरज उरली नाही. दिवेलागणीला ती घरोघरी पांगली. चुलीजवळ, अंथरुणात, आईच्या मांडीवर ती तेच म्हणत राहिली. बाप वल्ही काढायला उठला की पोरगी म्हणे, "बाबा, म्हातारा कुठे आलाय अजून?" मग बाप वल्ही तशीच ठेवून पुन्हा बसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या वाळूवरच होत्या. एकच गेली. ती हिराजीच्या धाकट्या भावाची, धाकूची होती. त्याच्याबरोबर दोन गडी होते, आणि बरेच दिवस खोल दर्यात राहायचा बेत होता.

मग खरे कठीण दिवस आले. आकाश स्वच्छ होतं. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता. लोक किनाऱ्यावर येऊन पाण्याकडे बघत आणि मग टेकडीकडे बघत. एक म्हातारी सगुणाबाईंना म्हणाली, "बाई, नातवंडं उपाशी झोपतात माझी."

सगुणाबाईंची जेवणावरची वासना उडाली. वादळ यावं असं म्हणावं, तर धाकू पाण्यावर. येऊ नये म्हणावं, तर आपण भरल्या दर्याकाठी सगळा गाव उपाशी ठेवलेला. देवापुढे हात जोडून त्या उभ्या राहिल्या, पण मागायचं काय ते सुचेना. त्या तशाच परत आल्या. रोज पुन्हा पुन्हा आपलं गणित तपासत राहिल्या. ते प्रत्येक वेळी बरोबर यायचं आणि प्रत्येक वेळी त्यांना आधीपेक्षा कमी धीर द्यायचं.

वारा एका दुपारी फिरला. संध्याकाळपर्यंत आभाळ काळं झालं. दर्या असा उसळला, की वाळूवरच्या होड्यासुद्धा माडांपर्यंत ओढून बांधाव्या लागल्या. आपण आत्ता कुठे असतो, हे प्रत्येकाला कळत होतं.

वादळ ओसरल्यावर दोन गडी एका फळीला धरून किनाऱ्याला लागले. धाकू आला नाही.

सगुणाबाई हिराजीच्या दाराशी गेल्या. तो ओट्यावर बसला होता. तोच म्हणाला, "मी त्याला अडवलं होतं, बाई. म्हणाला, लोक घाबरट झालेत. नवं गाणं त्याच्या कानी गेलंच नाही. त्याच्या घरात पोर नाही ना."

सगुणाबाई खाली बसल्या. पुष्कळ घरं वाचली, असं लोक त्यांना सांगत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच घर होतं.

राजाने त्यांना दरबारात बोलावलं. "तुमची तिन्ही कामं तुम्हाला परत," तो म्हणाला. "आमची चूक झाली."

"महाराज, परत घेते," सगुणाबाई म्हणाल्या. "पण मी एकटी किती घरांना पुरणार? पंतोजींना आणि गवयांना माझ्याबरोबर टेकडीवर येऊ द्या. त्यांनी तारे पाहावेत. मी त्यांच्याकडून शिस्त शिकेन, सूर शिकेन. आणि ज्या घरात मूल नाही, तिथे आम्ही तिघं स्वतः जाऊ."

राजाने मान्य केलं.

ढग पुन्हा विरले तेव्हा एका पहाटे तिघं टेकडीवर उभी होती. दक्षिणेला, पाण्याच्या कडेशी, एक शांत तारा वर आला होता.

"हाच का तो?" गवयाने विचारलं. "इतका खाली?"

"इतकाच खाली. म्हणून तर दाखवावा लागतो."

गवई त्याच्याकडे पाहत राहिला. "आयुष्यभर त्याचं नाव ऐकलं," तो म्हणाला, "आणि पाहिला आज. पाहिला असता, तर त्याला गाण्यातून काढायला माझा हात धजला नसता."

मग तो टेकडी उतरू लागला. किनाऱ्यावर अजून अंधुक होतं. त्याने हिराजीचं दार स्वतः ठोठावलं आणि अगस्ती उगवल्याचं सांगितलं. त्या दिवशी होड्या पाण्यात गेल्या आणि सांजेला सगळ्या परत आल्या.

बोध हा, की आपल्याला कळलेलं सत्य शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणं, हेही आपलंच काम असतं.