राजाध्यक्षांची अकरावी रेकॉर्ड

चाळीस वर्षं वाजवणाऱ्या एका हेवी मेटल बँडचे चाहते दर रविवारी राजाध्यक्षांच्या घरी जमत. पाचव्या अल्बमनंतर सगळा कचरा, असं राजाध्यक्ष दर वेळी ठणकावून सांगत. दोन वर्षं हेच ऐकून आज त्या चाहत्यांमधल्या तरुण ऋजुताचं टाळकं सरकलं.

"अकरावा नीट ऐका, काका. उत्तम आहे."

"मोबाईलवर ऐकणाऱ्यांनी मला शिकवू नये," राजाध्यक्ष खेकसले. "मी फक्त माझ्या या कपाटातल्या रेकॉर्ड ऐकतो. अकरावी दहा वेळा ऐकलीय. भिकार आहे."

ऋजुता तडक उठली. कपाटातून अकरावी रेकॉर्ड काढून तिने सगळ्यांसमोर धरली. कंपनीचं सीलबंद प्लास्टिक जसंच्या तसं होतं.

"मग आता अकराव्यांदा ऐकू," ती म्हणाली. "प्लास्टिक मी फाडते."