गेनूने बुलडोझर थांबवला

खडकजांभ गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की पंचायतीने त्याला कॉम्प्युटरवर बसवला.

त्या कॉम्प्युटरात एकही फाइल नव्हती. सगळ्या फायली तालुक्याच्या मोठ्या कॉम्प्युटरात. इथून मागायची, तिथून यायची. नवी फाइल चटकन यायची. जुनी काढायला तिकडे वेळ लागे. मग पडद्यावर उत्तर येई, 'फाइल काढतो आहोत. थोड्या वेळाने पुन्हा मागा.'

सोमवारी सगुणाआत्या आली. नवा रस्ता तिच्या विहिरीवरून जाणार होता. विहीर जुन्या नोंदीत असेल तर रस्ता वळवायचा, नसेल तर विहीर बुजवायची, असा नियम. विहिरीत पाणी होतं, पण पाण्याला पुरावा मानत नाहीत. कागद लागतो. गुरुवारी प्रांतसाहेब सुनावणीला येणार होते.

गेनूने फाइल मागितली. पडद्यावर उत्तर आलं, 'थोड्या वेळाने पुन्हा मागा.'

"आत्या, विहीर नाही," गेनू म्हणाला.

"अरे मुडद्या, सकाळीच तिचं पाणी पिऊन आलास की!"

"ते पोटात आहे. फायलीत नाही."

ग्रामसेवक तांबवे भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. "गेन्या, उशीर म्हणजे नकार नव्हे! थोड्या वेळाने म्हणाले, तर पुन्हा मागायचं."

"बरं, भाऊसाहेब."

मंगळवारी गेनूने पुन्हा मागितलं. लगेच पुन्हा. घास चावता चावता पुन्हा. दुपारपर्यंत चार हजार वेळा मागून झालं. तालुक्याचा कॉम्प्युटर गेनूला 'थोड्या वेळाने' सांगण्यातच गुंतला आणि बाकीची सत्तर गावं ताटकळली. तालुक्याहून शिव्यांचा फोन आला.

"असं मानगुटीवर बसायचं नसतं," भाऊसाहेब ओरडले. "आधी एक मिनिट थांब. मग दोन. मग चार. दर वेळी दुप्पट. आणि मधल्या वेळात हात बांधून बसू नकोस, समोर असेल ते काम कर."

"बरं, भाऊसाहेब."

बुधवारी गावाची वीज गेली. गेनू काळ्या पडद्यासमोर बसला. एक मिनिट थांबला, दोन थांबला, चार थांबला. बत्तीस मिनिटांवर आला तेव्हा त्याने पंचायतीच्या सगळ्या खिडक्या पुसून काढल्या होत्या.

"लेका, वीज नाही!" भाऊसाहेब म्हणाले. "समोरून उत्तर आलं तर थांबायचं. उत्तरच नाही, तिथे कोणाची वाट बघतोस?"

"उत्तर आलं तर थांबायचं. बरं, भाऊसाहेब."

संध्याकाळी वीज आली. गेनूने फाइल मागितली, नेमाने थांबला, पुन्हा मागितली. फाइल आली! विहीर, तिची खोली, आत्याच्या सासऱ्याचं नाव, सगळं त्यात होतं. आत्याने गेनूच्या हातावर गूळ ठेवला.

गुरुवारी पंचायतीत सुनावणी झाली. प्रांतसाहेबांनी कागद वाचला आणि हुकूम लिहिला, 'विहीर राहील. रस्ता वळवावा.' तेवढ्यात शिवाराकडून घरघर ऐकू आली. ठेकेदाराने निकालाआधीच बुलडोझर लावला होता. ठेकेदारांना निकाल आधी कळतो. यावेळी चुकीचा कळला होता, इतकंच.

विहिरीकडे फोन लागत नव्हता. आत्याचे गुडघे चालत नव्हते. भाऊसाहेबांनी हुकूम गेनूच्या हातात कोंबला. "पळ! ड्रायव्हरला सांग, मशीन थांबव!"

गेनू जीव खाऊन पळाला. विहिरीचा काठ अजून शाबूत होता. बुलडोझरने मातीचा पहिला ढीग नुकताच ओढला होता.

"ओ ड्रायव्हर! तुमच्याकडे काम आहे!"

ड्रायव्हरने मान न वळवता हात हलवला. "थोड्या वेळाने ये!"

गेनूचा चेहरा उजळला. हे त्याला येत होतं. हा नकार नव्हता. मानगुटीवर बसायचं नव्हतं. आणि समोरून उत्तर तर चोख आलं होतं.

तो एक मिनिट थांबला. मग विचारलं. "थोड्या वेळाने!" दोन मिनिटं थांबला. मग चार. मग आठ. हात बांधून बसायचं नव्हतं. समोर पाटी होती, मातीचा ढीग होता. हुकूम खिशात नीट घडी घालून ठेवला आणि गेनू पाट्या भरून विहिरीत टाकू लागला. सोळा मिनिटं टाकल्या. बत्तीस मिनिटं टाकल्या.

शेवटी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरून घाम पुसला. "फार मदत झाली, भाऊ. बोला, काय काम होतं?"

गेनूने हुकूम त्याच्या हातात दिला आणि धावत पंचायतीत आला. आत्या दारातच उभी होती.

"गेनू, मशीन थांबलं का रे?"

"थांबलं, आत्या," गेनू मातीने भरलेले हात झटकत म्हणाला. "मी हात लावला म्हणून. नाहीतर विहीर बुजायला संध्याकाळ झाली असती."