भरलेले माठ

"आणि बाबा, एवढ्या माळावर तुम्हाला बसायला हीच जागा सापडली?"

टिपणीसांनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

फकीर गफूरशा बायकांच्या संडासाच्या वाटेवर गोणपाट टाकून बसले होते. शेजारी काठी, विझलेला कंदील, पितळी तांब्या. पुरानं उठवलेली चार गावं दर्ग्याच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली, त्याला आज सोळावा दिवस. त्यातले अकरा दिवस बाबा इथंच.

"हवा चांगली आहे," गफूरशा म्हणाले.

टिपणीस मदत समितीचे चिटणीस. बारा वर्षं दर गुरुवारी दर्ग्यावर येत. बाबांचा पहिला शिष्य कोण, हे विचारायची वेळ त्यांनी कुणावर येऊ दिली नव्हती. आज त्यांच्या हातात निधीचा तक्ता होता. सही होऊन तो आजच जिल्ह्याला जायचा होता.

"एक कलम तेवढं कापलं," ते म्हणाले. "स्त्रियांची सुरक्षितता. दिवे, दारांना कड्या, पहाऱ्याला दोन बायका, एक नर्स. पण तक्रारवही कोरी आहे, बाबा. दुखणंच नाही, तर औषधाला पैसे कशाला?"

"वही असते कुठं?"

"समितीच्या तंबूत. स्वयंसेवकांच्या ताब्यात. कुलपात."

"वहीला कुलूप आहे..."

"आहे तर!"

"बरं झालं."

टिपणीस खूश झाले. "आणि पाण्याचं पाहा. पुरुषांच्या शेडमध्ये रोज ओरड. बायकांच्या शेडचे माठ मात्र संध्याकाळीसुद्धा काठोकाठ. एक टँकर सहज वाचतो."

हे वाक्य अहवालातही होतं. खाली रेघ मारून.

तेवढ्यात शेडमधून अनसूया आली. सातवा महिना. ओठांना भेगा. ऊन आहे तोवर जाऊन यायची तिची घाई.

गफूरशांनी तांब्या पुढं केला. "पोरी, घोटभर घे."

"नगं, बाबा." तिनं कललेल्या उन्हाकडं पाहिलं. "आता नगं."

तंबूच्या दोरीला टेकून एक जण उभा होता. छातीला समितीचा बिल्ला. तो तिच्याकडं पाहून हसला.

अनसूयानं पदर घट्ट ओढला.

"बाई, काही तक्रार?" टिपणीसांनी विचारलं.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग तंबूकडं. "काय न्हाय, सायेब."

"ऐकलंत?" टिपणीस म्हणाले.

"ऐकलं."

गफूरशांनी तांब्यात दुआ फुंकली आणि तो टिपणीसांच्या हातात दिला. दुआ फुंकलेलं पाणी थेंबभरही उरवायचं नाही, हा दर्ग्याचा रिवाज. टिपणीस प्याले. बाबांनी तांब्या पुन्हा भरला. पुन्हा फुंकला. पहिल्या शिष्याला तिसऱ्यांदाही नाही म्हणता आलं नाही.

"आता बसा. दिवस बुडाला की सही करा."

दिवस बुडाला. टिपणीस चुळबुळू लागले.

"पुरुषांचे संडास कुठं आहेत, बाबा?"

"लांब. इथंच जा. या वेळी इथं कुणी येत नाही."

"का?"

"...जा."

आत दिवा नव्हता. दाराला कडी नव्हती. एका हातानं दार धरून टिपणीस बसले.

खडीवर पाऊल वाजलं. दुसरं वाजलं. दारापाशी येऊन थांबलं.

"कोण आहे?"

फटीखाली दोन पाय. कुणाचा तरी श्वास.

आपण चिटणीस आहोत, हे सांगावं असं त्यांना वाटलं. ते कुणाला सांगायचं, हे कळेना. फटीखालचे पाय हलत नव्हते. ओरडावं, तर या वेळी इथं कुणी येत नाही.

शेवटी त्यांनी दार ढकललं.

समोर गफूरशा.

"तुम्ही! ओ का दिली नाही?"

"मी काय केलं?"

"काही... काही नाही. नुसते उभे होतात."

"मग वहीत काय लिहाल?"

टिपणीसांची नजर तंबूकडं गेली.

तंबूपाशी काडी पेटली. बिडी ओढणाऱ्याच्या छातीवरचा बिल्ला क्षणभर चमकला. तो बिल्ला टिपणीसांनीच दिला होता, फुलांचा हार घालून.

गफूरशांनी कंदील लावला. तांब्या पुढं केला. "घाबरलात. घोटभर घ्या."

"नको, बाबा. पुन्हा जावं ला—"

टिपणीस थांबले.

त्यांनी हळूहळू मान वळवली. शेडच्या दाराशी पाच माठ ओळीनं ठेवलेले. काठोकाठ. त्यांच्यामागं भिंतीला टेकून अनसूया बसली होती, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत.

त्यांनी तक्ता गुडघ्यावर पसरला. कापलेलं कलम पुन्हा लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"बाबा... पुढं आकडा किती घालू?"

गफूरशा पुन्हा गोणपाटावर बसले.

"माठ रिकामे होईपर्यंत घाला."