सांजवी नदीचं माहेरपण

विषय : सांजवी नदीस टेकडीवरील देऊळ पाहू देणेबाबत.

विषय कळला ना? मग आता पांघरुणं घ्या आणि ऐका.

एकदा काय झालं, सांजवी नावाची एक नदी होती. देवळवाडीच्या डोंगरात जन्मली आणि समुद्राच्या घरी दिली. म्हणजे देवळवाडी तिचं माहेर, बरं का. ते पाहायला लांबून लांबून माणसं येत. नदीत पाय धूत, काठावर जेवत, पत्रावळी तिच्यातच सोडत. मग पायऱ्यांची बारव, चिंचेचं बन आणि टेकडीवरचं देऊळ बघून येत आणि म्हणत, "काय ठिकाणं आहेत!" नदीनं हे जन्मभर ऐकलं. पाहिलं मात्र एकही नाही. तिला थांब कोण म्हणणार?

त्या गावात ठकूबाई नावाची म्हातारी होती. दर चैत्रात ती लेकीची भरावी तशी नदीची ओटी भरायची आणि म्हणायची, "आलीस तशी राहा गं दोन दिवस." आता हे म्हणायचं असतं. त्यावर लेकीनं "नको गं, घरी कामं पडलीत" म्हणायचं असतं. एका वर्षी नदी म्हणाली, "बरं, राहते." आणि राहिली.

मग काय. पहिल्या दिवशी ती बारवेत उतरली. पायऱ्या पाहिल्या, कोनाड्यातला गणपती पाहिला. दुसऱ्या दिवशी चिंचेच्या बनात हिंडली. तिथली माणसं झाडांवर चढून बसली, त्यामुळे पाहुणीला मोकळेपणानं फिरता आलं. तिसऱ्या दिवशी टेकडीपाशी आली आणि अडली. पाण्याला चढ कुठला चढता येतो? "देऊळ पाहिल्याशिवाय हलायची नाही," म्हणाली आणि पायथ्याशीच बसली.

इकडे खालच्या गावी नदीचं पात्र कोरडं पडलं. त्याच गावात ठकूबाईची लेक आवडी दिली होती. ती कडेवर तान्हं पोर आणि हातात रिकामी घागर घेऊन आली.

"आई, तुझी पाहुणी निघणार कधी? वाळूत खणलेले झिरेसुद्धा आटले. गुरं माना टाकायला लागली."

"माहेरवाशिणीला जा कसं म्हणू गं?"

"मला तर दुसऱ्याच दिवशी विचारतेस, जावई वाट बघत असतील ना म्हणून."

"तू घरची आहेस."

मग ठकूबाई राजाकडे गेली. टेकडीला जरा खाली बसायला सांगावं, असा अर्ज दिला. राजा फार न्यायी होता. न्याय चुकू नये म्हणून तो करतच नसे. त्यानं अर्ज प्रधानाकडे दिला, प्रधानानं पुरोहिताकडे, पुरोहितानं पुन्हा राजाकडे. मग हुकूम निघाला : नदीनं समक्ष हजर राहावं.

"येईल की आनंदानं," ठकूबाई म्हणाली. "महाराजांना पोहता येतं ना?"

राजानं अर्ज गादीखाली सरकवला.

ठकूबाई घरी आली. आवडीच्या कडेवरचं पोर तिनं पाहिलं. मनात म्हणाली, ज्याला चालता येत नाही त्याला आपण काय करतो? कडेवर घेतो. मग तिनं लेकीची घागर नदीत बुडवली, कडेवर घेतली आणि टेकडी चढली. तीनदा दम खाल्ला. घागरीनं तेवढ्या वेळा "अजून किती लांब?" विचारलं.

वर गेल्यावर नदीनं देऊळ पाहिलं, कळस पाहिला. मग घागरीच्या काठावरून खाली डोकावली.

"ती वाकडीतिकडी पांढरी रेघ कसली गं?"

"तो तुझा रस्ता. तू नाहीस म्हणून पांढरा."

त्या रेघेत माणसं वाळू उकरत बसली होती. नदीनं तेही पाहिलं. मग म्हणाली, "आई, येते मी."

ठकूबाईनं घागर उतारावर रिती केली. पाणी धावत खाली गेलं आणि पायथ्याच्या पाण्याला हाताशी धरून निघालं. आवडी घरी पोचली तेव्हा नदी तिच्या आधी दाराशी हजर होती.

तेव्हापासून दर चैत्रात देवळवाडीची एक बाई घागरभर नदी कडेवर घेऊन टेकडी चढते. देऊळ दाखवते, खालचा रस्ताही दाखवते. पुढचं नदीला सांगावं लागत नाही. वरचं गाव सुखी, खालचं गाव सुखी, आणि तुम्ही डोळे मिटा म्हणजे हे घरही सुखी.

राजे तीन झाले, गादी तीच आहे. अर्ज तिच्याखाली आहे. अद्याप प्रलंबित.